मधली अकरा मिनिटं

तान्ह्या पोळ्याची रात्र. मारामारीचा पिक्चर आण,
असं पोरांनी दोनदा बजावलं होतं.
आर्वीच्या दुकानदारानं कव्हर एकाचं, सीडी दुसऱ्याची दिली,
आणि समाजमंदिरात, अख्ख्या गावासमोर,
निळ्या बर्फावरून एक जनावर सरपटत आलं.

‘हे काय गा?’
‘कार्टून हाय.’
‘ते दिसते. जनावर कोन्तं?’

मिशा होत्या. अंग रेड्याचं. पाय नव्हतेच म्हणा.
बापाला हत्तीसारखे दात, पण खाली लोंबलेले.
झिबलाजी नेहारे, ज्यानं उभी हयात बाजारात
बैलांचे ओठ वर करून वय सांगितलं,
चष्मा पुसून म्हणाला, ‘म्हैसच हाय. समुद्रातली.’
मग पिल्लू वगार की हल्या, यावर बराच वेळ गेला.
तीन पोरं चिडून पानठेल्यापर्यंत गेली
आणि परत येऊन दारातच उभी राहिली.

पहिल्या ओळीत लाकडी बैल बसवले होते,
बेगड लावलेले, टीव्हीकडे तोंड करून.
त्यांच्या मागे त्यांचे मालक.
पिल्लाचा बाप बर्फाच्या पलीकडे गेला तो आलाच नाही,
तेव्हा भागरता मावशी मोठ्यानं म्हणाली,
‘बाप्पा, एवढ्या थंडीत लेकराच्या अंगावर एक कापड नाई!’
रहमत टेलर मागून हसला, ‘माप आन, शिवून देतो.’
कोणी म्हणालं, म्हैस हिंदी मात्र चांगलं बोलते.

आणि मग सीडी अडकली.
पिल्लू एकटं, तुकड्यावर, वाहत चाललेलं. चौकोन चौकोन.
मी काढली, शर्टाला पुसली, परत घातली.
सुरू झाली तेव्हा पिल्लू बापाच्या पोटाशी झोपलेलं
आणि पाटी येत होती.

‘सापडला कसा?’

कवडू मडावी म्हणाला, वासानं. वारा तिकडूनच होता,
पाह्यलं नाई का, मिशा हालत होत्या.
भागरता म्हणाली, कोणीतरी निरोप नेला असन,
निरोप नेणारं माणूस असतेच कुठंतरी.
रहमत म्हणाला, पोरानं आवाज दिला.
बेबीनंदा सातवीत होती. ती म्हणाली,
बाप गेलाच नव्हता, मागंच लपला होता.
तिला कोणीच काही बोललं नाही.

दशरू काही म्हणाला नाही.
त्याचा बाप बोअरवेलच्या गाडीवर आंध्रात होता,
दुसरा पोळा.
बैलाला दोरी बांधून तो निघाला,
गिट्टीवरून चाकं किरकिरत दूरवर ऐकू आली.
सकाळी माझ्या दारात. ‘एकडाव दे.’
सीडी उन्हात धरली, फुंकली,
बनियनच्या टोकानं गोल गोल पुसली.
‘आता लागन?’
लागली नाही.

पंधरा दिवस गावात तोच विषय. विहिरीवर, पिठाच्या गिरणीत.
झिबलाजीनं तर बापाचं वयही काढलं. आठ दाती.

सहा वर्षांनी नागपूरला, सीताबर्डीच्या फुटपाथवर,
तीच सीडी दिसली. धड. वर लिहिलेलं, भाग तिसरा.
खोलीवर एकट्यानं पाहिली.
त्या अकरा मिनिटांत कोणी कोणाला शोधत नव्हतं.
दोन पक्षी बर्फावरून घसरत होते, पडत होते, पुन्हा घसरत होते,
मग एक गाणं झालं, आणि बाप आला.
आपोआप. आला, एवढंच.
मी गावात कोणाला सांगितलं नाही.

परवा आर्वी नाक्यावर बोअरवेलची गाडी थांबली.
वर दशरू, अंगभर पांढरी भुकटी.
चहा घेता घेता मध्येच म्हणाला,
‘तो म्हशीचा पिक्चर. तुले कधी भेटला का पूर्ण?’
‘भेटला.’
‘मंग? कसा सापडला?’
ग्लासात बघत म्हटलं, ‘वासानं. कवडूकाका म्हने तसा.’

तो बराच वेळ फुंकत बसला, चहा केव्हाच निवला होता.
‘नाई गा,’ म्हणाला. ‘आवाजानंच असन.’